प्रकल्प ‘परत दाखव’ : एका आठवड्याच्या नोंदी

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

नियम आधी लिहून ठेवते, नंतर भांडणं नकोत. आठवडाभर रोज एक तरी लहानशी गंमत शोधायची. घरात जे आहे त्यातच. या प्रकल्पासाठी काहीही विकत आणायचं नाही. आधी अंदाज वहीत लिहायचा, मगच पुस्तक किंवा इंटरनेट उघडायचं. आणि गंमत पास की नापास हे मी ठरवणार नाही. जिला किंवा ज्याला दाखवली, त्यानं आपणहून ‘परत दाखव’ म्हटलं तरच पास. ‘अरे वा’ धरायचं नाही, ते लोक सौजन्यानंही म्हणतात.

परीक्षक मंडळ: धाकटी (पाचवी, संयम कमी), थोरला (दहावी, कौतुक कमी), सासूबाई (दोन्ही भरपूर, पण झोपायची वेळ ठरलेली) आणि नवरा (हजेरी अनियमित).

पहिली गंमत: फोनच्या पडद्यावर पाण्याचा थेंब. कोरं पांढरं पान उघडायचं, ओलं बोट हलकेच टेकवून अगदी बारीक थेंब ठेवायचा आणि वाकून त्यात बघायचं. धाकटीचा अंदाज होता, ‘पांढरंच मोठं दिसेल’. दिसलं ते लाल, हिरवं आणि निळं. पांढरं तिथं कुठेच नव्हतं. थेंबाचा फुगीर पृष्ठभाग भिंगाचं काम करतो आणि डोळ्याला एरवी एकजीव दिसणारे तीन रंगांचे ठिपके सुटे होतात. सतराव्या शतकात लेव्हनहूकनं ज्या सूक्ष्मदर्शकांतून जिवाणू पाहिले, त्यांतही भिंग एकच असे, तेही अगदी एवढंएवढंसं.

मग पिवळं चित्र उघडलं. पिवळ्यात पिवळं नाही! लाल आणि हिरवे ठिपके पेटलेले, निळे विझलेले. इथं धाकटीनं फोन माझ्या हातातून घेतला तो परत मिळाला जेवणाच्या वेळी. मधल्या वेळात तिनं स्वतःच एक शोध लावला: माझ्या फोनवर आणि जुन्या लॅपटॉपवर ठिपक्यांची मांडणी वेगळी आहे. लॅपटॉपवर तिन्ही रंगांच्या सरळ पट्ट्या, शिस्तीत एकाशेजारी एक. फोनवर हिरवे ठिपके जास्त, लाल आणि निळे त्यांच्या निम्मे. बऱ्याच ओलेड पडद्यांवर अशीच रचना असते, कारण आपला डोळा हिरव्याला सगळ्यात तल्लख असतो आणि बारकावे त्याच्याच भरवशावर टिपतो. हे वाचून सांगितलं तेव्हा तिला त्यात फारसा रस नव्हता. तिला पुढचा रंग बघायचा होता.

निकाल: पास. पडदा पुसला, थेंब चार्जिंगच्या भोकापासून लांबच ठेवला होता.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आजचा दिवस माहितीचा. खण आवरताना एकापाठोपाठ एक वस्तू हाती लागत गेल्या.

मेझर टेपच्या टोकाची लोखंडी पत्री ढिली असते, मागेपुढे सरकते. नवरा पक्कड घेऊन ती घट्ट करायला निघाला होता. थांबवलं. ती मुद्दाम ढिली ठेवलेली असते आणि बरोबर स्वतःच्या जाडीइतकीच सरकते. टेबलाच्या कडेला अडकवून ओढली की बाहेर येते, भिंतीला टेकवून दाबली की आत जाते, त्यामुळे दोन्हीकडून माप तेच येतं. पक्कड चालली असती तर टेपचं एक तरी माप कायमचं खोटं झालं असतं.

बॉलपेनच्या टोपणाला शेंड्यावर भोक असतं. मुलानं टोपण गिळलंच तर श्वासाला वाट राहावी म्हणून. शाई वाळू नये म्हणून नव्हे. त्यासाठी भोक नसणंच बरं.

कीबोर्डवर एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटे असतात, न बघता बोटांना घर सापडावं म्हणून. इनस्क्रिप्ट या मराठी टंकनाच्या कळमांडणीत त्याच कळांवर ऱ्हस्व वेलांटी आणि र येतात. इतकी वर्षं रोज हात लावते आणि सांगता आलं नसतं.

फोनच्या आकड्यांत १, २, ३ वर असतात, कॅल्क्युलेटरवर ७, ८, ९ वर. फोनची मांडणी बेल प्रयोगशाळेनं माणसांवर अनेक रचना तपासून निवडली होती आणि ते संशोधन १९६० साली छापून आलं. कॅल्क्युलेटर आकडेमोडीच्या जुन्या यंत्रांच्या वळणावर गेला. घरात दोन्ही शेजारी ठेवून बघितलं तर खरंच उलट.

निकाल: चारही नापास. प्रत्येकाला ‘असं होय!’ मिळालं, थोरल्यानं तर ‘माहीत होतं’ म्हटलं (टेपचं माहीत नव्हतं, चेहऱ्यावरून कळलं). माहितीला ‘परत दाखव’ म्हणायला वावच नसतो. एकदा कळली की संपली. अपवाद मेझर टेपचा. ती पत्री नवरा जेवतानाही मागेपुढे करत होता. त्याला अर्धा गुण देते.

बुधवार, ५ नोव्हेंबर

आज पौर्णिमा, आणि या वर्षातली सगळ्यात जवळची. चंद्राचं सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर. आज तो सुमारे ३,५७,००० वर आहे. दुपारपासून फोनवर ‘महाचंद्र’ म्हणून संदेश येत होते. मला तपासायचं होतं ते वेगळंच: उगवताना चंद्र मोठा दिसतो, तो खरंच मोठा असतो का?

अंदाज गोळा केले. सासूबाई: ‘मोठा असतो, दिसतोच की.’ थोरला: ‘हवेमुळे भिंगासारखं होत असेल.’ धाकटी: ‘तेव्हा तो जवळ असतो.’

गच्चीवर चौघं. घरांच्या मागून चंद्र वर आला तेव्हा सगळे गप्प झाले, खोटं कशाला सांगू, परातीएवढा वाटत होता. हात लांब करून करंगळी समोर धरली. करंगळीआड तो पूर्ण झाकला आणि दोन्ही बाजूंना बोट उरलं. सासूबाईंना पटेना. ‘माझी करंगळी जाड आहे’ म्हणाल्या. मग कागदाची नळी करून दिली. नळीतून बघितलं की आजूबाजूची घरं, झाडं, दिव्यांचे खांब नाहीसे होतात आणि चंद्र एकदम चिमतो. नळी काढली की परत फुगतो. लावली, काढली, लावली, काढली. सासूबाईंनी नळी कुणाला दिलीच नाही.

नंतर रात्री डोक्यावर आला तेव्हा पुन्हा करंगळी धरली: चंद्र तेवढाच झाकला. भास आहे, भिंग नाही. उलट क्षितिजावरचा चंद्र आपल्यापासून किंचित दूर असतो, डोक्यावरच्यापेक्षा जवळजवळ पृथ्वीच्या त्रिज्येइतका, म्हणजे सहा हजारांहून अधिक किलोमीटर. म्हणजे मोजायला गेलं तर उगवताना तो कणभर लहानच. धाकटीचा अंदाज बरोबर उलटा निघाला आणि तिला त्याचाच जास्त आनंद झाला. हा भास का होतो यावर दोन हजार वर्षांपासून लोक डोकं खाजवत आहेत आणि अजून सगळ्यांचं एकमत नाही.

‘महाचंद्रा’बद्दल माझं मत: चंद्र सगळ्यात दूर असताना जेवढा दिसतो त्याहून आज तो सुमारे १४ टक्के रुंद आहे, पण तुलनेला शेजारी दुसरा चंद्र टांगलेला नसल्यामुळे हे नुसत्या डोळ्याला कळणं कठीण. कागदाची नळी जास्त करमणूक करते.

थोरल्याची भर. त्यानं चंद्राची कड गच्चीवरच्या तारेला टेकलेली पकडली आणि घड्याळ लावलं. पूर्ण चंद्र तार ओलांडायला दोनेक मिनिटं घेतो. आकाशात चंद्राची रुंदी अर्धा अंश आणि पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, तेव्हा हिशेब जुळतो. पृथ्वी फिरते हे शाळेत पाठ केलेलं असतं. फिरताना दिसली ती आज. शिवाय चंद्रावरचा ससा. उगवताना तो एका अंगावर होता, उशिरा रात्री पाहिला तर कलून वेगळ्याच बाजूला पाय. ससा म्हणजे जुन्या लाव्ह्याची काळी मैदानं, ती जागची हलत नाहीत. चंद्र आकाशात चढतो तसा आपल्याला दिसणारा त्याचा कल बदलतो.

निकाल: पास, परीक्षक सासूबाई. झोपायची वेळ टळून गेली.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

काचेची रिकामी बाटली. काठाशी ओठ नेऊन फुंकर मारली की घुमते, हे सगळ्यांना माहीत. थोरल्यानं फोनवर तानपुरा लावला आणि रिकाम्या बाटलीचा सूर सा धरून स्वर त्याच्याशी मिळवून घेतला. प्रश्न: वरचा सा लागायला बाटली किती भरावी? त्याचा अंदाज, अर्धी.

अर्धी भरली तर लागला तो जवळजवळ तीव्र मध्यम. वरचा सा आला तो बाटली तीन चतुर्थांश भरल्यावर, साधारण तिथं. कारण बाटलीतल्या हवेचं आकारमान एक चतुर्थांश उरलं की सुराची कंपनं दुप्पट होतात, आणि दुप्पट कंपनं म्हणजेच वरचा सा. वर्गमुळाचं नातं आहे. निम्म्या हवेला दोनाचं वर्गमूळ मिळतं आणि तेवढ्या उंचीवर आपल्या सप्तकात तीव्र म बसतो. बाटलीच्या मानेचा आकार मध्ये घोळ घालतो, म्हणून ‘साधारण’. पंचमासाठी हवा चार नवमांश उरायला हवी, तो त्यानं गणित करून आधी खूण मारून भरला आणि तानपुऱ्याशी बऱ्यापैकी जुळला. त्याच्या चेहऱ्यावर आज या आठवड्यातलं पहिलं हसू.

मग धाकटीनं चमच्यानं बाटलीवर टिचकी मारली. पाणी वाढवत नेलं तसा टिचकीचा सूर खाली उतरत गेला, त्याच वेळी फुंकरीचा वर चढत होता. एकच बाटली, एकच पाणी, आणि दोन सूर विरुद्ध दिशांना. फुंकरीत आतली हवा थरथरते, ती कमी झाली की सूर चढतो. टिचकीत काच थरथरते आणि तिला पाण्याचं ओझं वाहावं लागतं, म्हणून उतरतो. जलतरंगाच्या वाट्या याच हिशेबानं भरतात.

निकाल: पास. शेजारून कुणी काही म्हटलं नाही, याचं आश्चर्य वाटलं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

जुना ट्रान्झिस्टर, मीडियम वेव्ह. दिवसा काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला तर बहुतेक खरखर. रात्री जेवणानंतर तोच काटा फिरवला तर जागोजागी आवाज. एक बाई अशा भाषेत बातम्या देत होती की आम्हा चौघांपैकी कुणाला ती ओळखता आली नाही. बातम्याच होत्या हे मात्र सुरावरून कळत होतं. आवाज समुद्रासारखा येत-जात होता.

आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित पट्ट्याचा, खालचा थर दिवसा या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि वरच्या थरावर आपटून लहरी कितीतरी लांब पोचतात. रेडिओ तोच, जागा तीच, रात्र पडली की पल्ला वाढतो. आणखी एक: डबा हळूहळू स्वतःभोवती फिरवला तर एखादं स्टेशन एका कोनात जवळजवळ नाहीसं होतं. आतली फेराइटची दांडी (हाच त्याचा अँटेना) स्टेशनच्या दिशेनं टोक करते तेव्हा तिला सगळ्यात कमी ऐकू येतं. म्हणजे आवाज कुठल्या रेषेवरून येतोय ते अंदाजानं सांगता येतं. फोनचा चार्जर आणि एक एलईडी दिवा भयंकर कुरकुर करत होते, ते बंद केले.

मुलं लवकर कंटाळली. सासूबाई आणि मी काटा फिरवत बसलो. त्यांनी ‘परत’ असं काही म्हटलं नाही, पण उठल्याही नाहीत. निकाल राखून ठेवला आहे. मला विचाराल तर आठवड्यातला सगळ्यात चांगला तास हाच, पण मी परीक्षक नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

सकाळी थोरल्यासाठी: पुस्तकाच्या मागे बारकोडवर छापलेला १३ आकडी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक. २००७ पासून तो १३ आकडी झाला. जुन्या पुस्तकांवर १० आकडी असतो, तो बाजूला ठेवायचा. पहिला, तिसरा, पाचवा असे विषम जागांवरचे आकडे आहेत तसे घ्यायचे. दुसरा, चौथा, सहावा असे सम जागांवरचे तीननं गुणायचे. सगळ्याची बेरीज केली की शेवटी शून्य यायलाच हवं. बहुतेक पुस्तकं ९७८ नं सुरू होतात, त्यांचे ९ + २१ + ८ = ३८ आधीच धरून ठेवले की काम हलकं.

त्यानं याची जादू केली. कुणीही पुस्तक घ्यायचं, एका आकड्यावर बोट ठेवायचं आणि बाकीचे वाचून दाखवायचे. तो झाकलेला आकडा सांगतो. धाकटीनं कपाट रिकामं केलं. दुपारी त्यानंच यातली फट शोधली: शेजारशेजारच्या दोन आकड्यांत पाचचा फरक असेल, उदाहरणार्थ १ आणि ६, आणि त्यांची अदलाबदल झाली, तर बेरीज बरोबर दहानं बदलते, म्हणजे दहाच्याच पटीत राहते आणि चूक पकडली जात नाही. हे मी वाचलेलं नव्हतं, त्यानं सांगितल्यावर करून बघितलं. बरोबर आहे.

संध्याकाळी कागदाची पट्टी. वर्तमानपत्राची लांब पट्टी कापायची, एक टोक अर्धा पीळ देऊन दुसऱ्याला चिकटवायचं. या कड्याला बाजू एकच असते. पेन न उचलता मधोमध रेघ ओढत गेलं की दोन्हीकडून फिरून रेघ स्वतःला येऊन मिळते. मोबियस आणि लिस्टिंग या दोघा जर्मन गणितज्ञांना हे १८५८ साली वेगवेगळं सुचलं.

त्या रेघेवरून कात्री चालवली तर? सगळ्यांचा अंदाज: दोन कडी. निघालं एकच, दुप्पट लांब. धाकटी कात्रीकडे संशयानं बघत राहिली. दुसरी पट्टी केली आणि या वेळी काठापासून एक तृतीयांशावर कापत गेलो. कात्री दोन फेऱ्या मारते आणि शेवटी दोन कडी पडतात, एक लांब, एक आखूड, आणि दोघं एकमेकांत अडकलेली. आखूड कडं म्हणजे मूळ पट्टीचा मधला भाग. त्याला बाजू अजूनही एकच. मग कुणीतरी पूर्ण पीळ द्या म्हणालं, कुणीतरी दीड. जमिनीवर वर्तमानपत्राच्या चिंध्या.

सासूबाईंनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाल्या, ‘गोल सुयांवर टाके जोडताना पीळ राहून गेला की हेच होतं. मग सगळं उसवायचं.’ विणणाऱ्यांना ही पट्टी फार आधीपासून माहीत असणार, फक्त त्यांच्या दृष्टीनं तो शोध नव्हता, वैताग होता.

निकाल: दोन्ही पास. केर मी काढला.

रविवार, ९ नोव्हेंबर

पत्ते. कॅट काढल्या काढल्या धाकटीनं हेरलं की चार राजांपैकी बदामच्या राजाला मिशी नाही. मग एका डोळ्याचे कोण ते शोधणं आलं: चौकटचा राजा, बदामचा गुलाम आणि इस्पिकचा गुलाम, तिघं तोंड वळवून बसलेले. बावन्न पत्ते नीट पिसले की जो क्रम लागतो तो बहुधा जगात आधी कधीच लागलेला नसतो, कारण शक्य क्रमांची संख्या ६८ आकडी आहे. हे ऐकून थोरला बराच वेळ नुसताच पिसत बसला.

मुख्य खेळ एकवीस पत्त्यांचा. पुष्कळ घरांत कुणाला तरी येत असतो. कसा चालतो ते मात्र सहसा कुणी सांगत नाही. समोरच्यानं एक पत्ता मनात धरायचा. पत्ते उताणे, तीन रांगांत, एकेक करून आडवे वाटत जायचं, प्रत्येक रांगेत सात. तुमचा पत्ता कुठल्या रांगेत? ती रांग बाकी दोघींच्या मधे घालून गठ्ठा उचलायचा, पालथा करायचा, परत वाटायचं. असं तीनदा. मनातला पत्ता वरून अकरावा.

सासूबाईंना दाखवला. त्यांनी ‘परत’ म्हटलं आणि या वेळी माझ्या डोळ्यांकडे बघत राहिल्या, कुठे चोरून बघते का म्हणून. चोरायला काही नाहीच. पहिल्या उचलीनंतर पत्ता मधल्या सातांत कुठे तरी असतो. ते सात दुसऱ्यांदा वाटले की तीन रांगांत विखुरतात, पण प्रत्येक रांगेच्या मधल्या तीन जागांच्या बाहेर जात नाहीत. त्यामुळे दुसऱ्या उचलीनंतर पत्ता दहावा, अकरावा किंवा बारावा, आणि तिसऱ्या वाटणीत हे तिघं तीन वेगळ्या रांगांत बरोबर मधोमध पडतात. सात, तीन, एक. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर साधारण दोन तृतीयांश पत्ते बाद करतं.

धाकटीला दुपारी प्रश्न पडला, सत्तावीस घेतले तर? तिथं प्रकरण फारच रंगलं. नऊ, तीन, एक, अगदी काटेकोर. मधेच घालत राहिलं तर पत्ता चौदावा येतो. पण रांग मधेच घालायला हवी असं कुठे आहे? वर घातली तर ०, मधे १, खाली २ धरायचे (गठ्ठा पालथा केल्यावर वर-खाली बघायचं). पहिल्या उचलीचा आकडा तसाच, दुसऱ्याचा तिप्पट, तिसऱ्याचा नऊपट, बेरजेत १ मिळवला की पत्त्याची जागा. म्हणजे समोरच्याला आधी विचारायचं, ‘तुमचा पत्ता कितवा यायला हवा?’ आणि तिथंच आणायचा. वीस म्हणाले तर एक वजा करून एकोणीस, म्हणजे दोन वेळा नऊ, शून्य वेळा तीन आणि वर एक: आधी मधे, मग वर, मग खाली. जर्गोन नावाच्या फ्रेंच गणितज्ञानं हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला गणितात मांडला.

थोरल्यानं तक्ता करून दिला, धाकटीनं तो तळहातावर लिहून घेतला. आजीनं विसावा मागितला, आला. आजोबांच्या वयाएवढा मागू का म्हणाल्या, तर सत्तावीसच्या वर जमत नाही असं सांगावं लागलं. मग सत्तावीस. धाकटीनं तळहात न बघता तीनही वेळा रांग खाली घातली. नवरा मागे उभा राहून बघत होता. त्याला अजून एकवीसवालाच कळायचा आहे, तो रात्री समजावून हवा म्हणतो.

पुढच्या आठवड्यासाठी बाकी: रेडिओचा निकाल, थोरल्याला सात बाटल्या हव्या आहेत, घरात पाच आहेत, आणि विकत आणायचं नाही हा नियम त्याला बदलून हवा आहे. नाही म्हटलं.